हुतात्म्यांचा शक

वर्षप्रतिपदेच्या दिवशी पहाटे गुढी उभारावी, कडुनिंबाच्या पाल्याचा प्रसाद घ्यावा आणि मग देवळात बसून नव्या वर्षाचे पंचांग वाचावे, हा आमच्या घराण्याचा पिढ्यानपिढ्यांचा परिपाठ. पैठण हे आमचे गाव. शालिवाहनाच्या नावाने चालणारा शक परंपरेने ज्या नगरीशी जोडला आहे, त्या नगरीत बसून शकाचा नवा अंक उच्चारताना मनास किंचित अभिमान वाटतोच. तो आम्ही लपवीत नाही.

मागील प्रतिपदेस पंचांगश्रवण आटोपले, मंडळी पांगली, आणि गावातीलच एक तरुण मागे थांबून राहिला. तो आखाती देशात एका बांधकामावर सुतारकाम करतो. सणापुरता रजेवर आला होता. नमस्कार करून म्हणाला, "बुवा, आमच्या खोलीत इजिप्तचा एक गवंडी राहतो. त्याच्या उजव्या मनगटावर आतल्या बाजूस लहानसा क्रूस गोंदलेला आहे. मी एकदा विचारले, हे कशासाठी? तर म्हणाला, आईने लहानपणीच गोंदवून घेतले. उद्या मी कोठे एकटा सापडलो तर कोणाचा आहे ते कळावे म्हणून. आणि बुवा, त्यांचाही एक शक आहे म्हणे. तो राजाचा नाही, मारल्या गेलेल्या माणसांचा आहे. हे खरे का?"

"खरे आहे, बाळ," एवढेच आम्ही त्या वेळी म्हणालो. परंतु त्या प्रश्नाने आमची पाठ सोडली नाही. जे थोडे ठाऊक होते ते पुन्हा पडताळले, जे ठाऊक नव्हते ते जाणत्यांकडून समजून घेतले, आणि आज त्याच तिथीच्या निमित्ताने ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. सणाच्या पानावर दुःखाची कथा कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमचे उत्तर इतकेच की, आपले नवे वर्ष आपण कडू घासानेच सुरू करतो.

शकाचे नाव

इजिप्तमधील बहुसंख्य ख्रिस्ती लोकांस कॉप्ट म्हणतात. त्या देशाची लोकसंख्या दहा कोटींहून अधिक आहे. ती प्रामुख्याने मुसलमान असून ख्रिस्ती दहा टक्क्यांच्या आसपास असावेत असा सर्वसाधारण अंदाज आहे. नेमका आकडा हा तेथे वादाचा विषय आहे. पश्चिम आशिया आणि त्यालगतचा प्रदेश विचारात घेतला, तर ख्रिस्ती लोकांचा एवढा मोठा समाज अन्य कोणत्याही देशात नाही.

'कॉप्ट' या शब्दाचा अर्थच मुळी 'इजिप्तचा माणूस' असा आहे. मेंफिस नगरीतील प्ताह देवाच्या मंदिराचे प्राचीन नाव ग्रीकांच्या मुखी 'आयगुप्तोस' झाले. अरबांनी त्यातून 'किब्त' हा शब्द घडविला. आणि युरोपीय भाषांत त्याचेच 'कॉप्ट' झाले. म्हणजे ज्यांना आज परके ठरविण्याचा प्रयत्न अधूनमधून होतो, त्यांच्या नावातच त्या भूमीचे नाव आहे.

आता त्यांच्या शकाविषयी. रोमचा सम्राट डायोक्लीशियन इसवी सन २८४ मध्ये गादीवर आला. इजिप्तमधील ज्योतिषी त्याच्या राज्यारोहणापासून वर्षे मोजू लागले; राजाच्या नावाने शक चालावा यात नवल ते काय? परंतु याच सम्राटाने सन ३०३ मध्ये ख्रिस्ती लोकांविरुद्ध फर्माने काढली. प्रार्थनागृहे पाडली गेली, धर्मग्रंथ जाळले गेले, रोमच्या देवतांस बळी अर्पण करण्यास नकार देणाऱ्यांचे प्राण घेतले गेले. इजिप्तवर या छळाचा फार मोठा आघात झाला. अलेक्झांड्रियाचे धर्मप्रमुख पीटर यांचा शिरच्छेद सन ३११ मध्ये झाला. पुढे छळ थांबला, सम्राट गेला, साम्राज्याचा धर्मही पालटला. कॉप्ट लोकांनी वर्षांची मोजणी मात्र तशीच ठेवली, फक्त शकाचे नाव पालटले. ज्याने मारले त्याचे नाव पुसले आणि जे मेले त्यांचे नाव दिले. तोच 'हुतात्म्यांचा शक' आजही त्यांच्या चर्चमध्ये चालतो.

जगातील बहुतेक शक जिंकणाऱ्यांचे असतात. आम्ही पंचांग वाचणारे लोक. एका समाजाने आपल्या काळाचा आरंभ आपल्या मृतांपासून मोजावा, ही गोष्ट आम्हास फार मोठी वाटते.

त्यांचे वर्षमानही मौजेचे आहे. तीस तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी पाच वा सहा दिवसांचा एक चिमुकला तेरावा महिना. महिन्यांची नावे प्राचीन इजिप्तची: तूत, बाबा, हातूर, कियाहक, तूबा, अमशीर. यांतील तूत हे थोथ देवाचे आणि हातूर हे हाथोर देवीचे नाव. नाईलकाठचा शेतकरी, मग तो ख्रिस्ती असो वा मुसलमान, पेरणीकापणीचा हिशेब याच महिन्यांवर ठेवीत आला आहे. अमशीर म्हटले की सोसाट्याचा वारा, हे तेथे दोन्ही घरांतील पोरांस ठाऊक असते. एकाच पंचांगावर दोन्ही शेजाऱ्यांची शेते पिकली, हे पुढील कथा ऐकताना वाचकांनी विसरू नये.

त्यांचा वर्षारंभ, 'नायरूझ', ११ सप्टेंबर रोजी येतो. पुढील वर्ष प्लुत असेल तर १२ रोजी. त्या दिवशी लाल खजूर खातात. वरची लाली हुतात्म्यांच्या रक्ताची, आतला पांढरा गर मनाच्या शुद्धतेचा, आणि कठीण बी ही श्रद्धा, असा अर्थ घरातील वडीलधारी माणसे मुलांस समजावून देतात.

राजे बदलले, कसोटी तीच

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. कॉप्टांचा पहिला मोठा छळ मूर्तिपूजक सम्राटाने केला. दुसरा त्यांच्या स्वधर्मीयांनीच केला. सन ४५१ मध्ये कॅल्सिडॉन येथे भरलेल्या धर्मपरिषदेत ख्रिस्ताच्या स्वरूपाविषयी मतभेद झाला, इजिप्तचे चर्च वेगळे पडले, आणि कॉन्स्टँटिनोपलच्या ख्रिस्ती सम्राटांनी त्यांच्यावर आपले मत लादण्यासाठी बळाचा वापर केला. अरबांची स्वारी सन ६३९ मध्ये सुरू झाली, तिच्या नंतरचा काळ एकसारखा नव्हता. जिझिया होता, निर्बंध होते; तसेच सुखाने नांदण्याची दशकेही होती. अकराव्या शतकाच्या आरंभी अल-हाकिम या फातिमी खलिफाने अनेक चर्च पाडविली आणि ख्रिस्ती लोकांनी गळ्यात जड लाकडी क्रूस घालून फिरावे असा हुकूम काढला. कॉप्टांस हिणविताना 'निळ्या हाडाचे' म्हणण्याची एक रीत आहे. त्या ओझ्याने मानेचे हाड काळेनिळे पडले, त्यावरून हे नाव पडले अशी लोककथा सांगतात.

मूर्तिपूजक, ख्रिस्ती, मुसलमान अशा तिन्ही धर्मांच्या सत्ताधीशांच्या हातून या एका समाजाने दुःख भोगले आहे. सत्ता आणि संख्या ज्याच्या बाजूस असते त्याची कसोटी लागते, मग त्याचा देव कोणताही असो.

त्यांच्या भाषेचीही हीच कहाणी आहे. प्राचीन इजिप्तची भाषा कॉप्टिक या रूपाने टिकली. तिची लिपी ग्रीक अक्षरांची असून जे ध्वनी ग्रीकात नव्हते त्यांसाठी जुन्या लोकलिपीतील काही अक्षरे घेतली आहेत. हळूहळू अरबी घरात आली, कॉप्टिक बोलण्यातून गेली आणि देवापुढील प्रार्थनेत तेवढी राहिली. फ्रेंच पंडित शांपोल्यों याने १८२२ मध्ये चित्रलिपीचे कोडे सोडविले, तेव्हा त्याच्या हाती किल्ली होती ती या कॉप्टिक भाषेच्या ज्ञानाची. जन्मभर संस्कृताची सेवा केलेल्या आमच्यासारख्याचा कंठ हे वाचून दाटून येतो. गरीब धर्मगुरूंनी आणि मठवाशांनी पाठांतराने जपलेल्या स्तोत्रांमुळे फेरोंचे मुके दगड बोलू लागले.

एका छपराची परवानगी

छळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आग आणि तलवार येते. कॉप्टांच्या आधुनिक दुःखाचे मूळ मात्र एका कागदात आहे. १८५६ मध्ये तुर्की सुलतानाने एक फर्मान काढले. त्याचा हेतू वास्तविक उदार होता. सर्व धर्मांच्या प्रजेस समान मानावे असा. परंतु बिगरमुस्लिमांनी नवे प्रार्थनास्थळ बांधण्यापूर्वी सुलतानाची अनुमती घ्यावी, हेही त्यात होते. सुलतान गेले, इजिप्तचे राजे गेले, प्रजासत्ताक आले. अनुमती देण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे आला. १९३४ मध्ये गृहखात्याने त्यात दहा मुद्द्यांच्या चौकशीची भर घातली. जवळची मशीद किती अंतरावर आहे? वस्ती कोणाची आहे? मुसलमान शेजाऱ्यांची हरकत आहे काय? पंथाचे दुसरे चर्च किती दूर आहे? जागा नाईलच्या पुलाजवळ वा रेल्वेजवळ तर नाही? विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत गळके छप्पर दुरुस्त करावयाचे तरी वरच्या हुकमाची वाट पाहावी लागे. मशिदीस हा नियम नव्हता.

परिणाम काय होणार? भाविकांची संख्या वाढे, चर्च वाढत नसे. लोक राहत्या घरात प्रार्थना करू लागत. ते विनापरवाना ठरे. मग गावात कुजबूज होई, शुक्रवारी जमाव जमे, घरे जळत. पोलीस उशिरा येत. शेवटी गावातील प्रमुख मंडळींची 'समेटाची बैठक' भरे आणि तिच्यात ज्याचे घर जळाले त्यालाच तक्रार मागे घ्यावयास लावीत. १९७२ मध्ये कैरोजवळच्या खांका येथे अशा एका विनापरवाना प्रार्थनास्थळास आग लावण्यात आली. तेव्हा संसदेने नेमलेल्या समितीने चर्चच्या परवान्यांचे नियम सोपे करावेत अशी शिफारस केली. ती कागदावरच राहिली.

२०१४ च्या राज्यघटनेने चर्चबांधणीविषयी स्वतंत्र कायदा करण्यास सांगितले आणि २०१६ मध्ये तो झाला. अधिकार प्रांताच्या राज्यपालाकडे आला आणि त्याने चार महिन्यांत निर्णय द्यावा असे ठरले. जुन्या विनापरवाना चर्चना मान्यता देण्यासाठी समिती बसली आणि तीन हजारांहून अधिक वास्तूंस क्रमाक्रमाने मान्यता मिळाली. हे पाऊल खरेच मोठे आहे, आणि ज्याचे श्रेय त्यास द्यावे. तथापि चर्चचा आकार त्या भागातील ख्रिस्ती लोकांच्या संख्येस व गरजेस धरून असावा, ही अट नव्या कायद्यातही आहे. आणि खेड्यातील जमाव कायदा वाचत नाही. एप्रिल २०२४ मध्ये मिन्या प्रांतातील अल-फवाखेर गावी चर्च बांधले जाणार या वार्तेवरून ख्रिस्ती लोकांच्या घरांना आगी लावण्यात आल्या.

आणखी एक दुःखद उदाहरण सांगतो. १४ ऑगस्ट २०२२ रोजी, रविवारी, कैरोलगतच्या इम्बाबा या दाट वस्तीतील अबू सेफेन चर्चमध्ये विजेच्या बिघाडाने आग लागली. ४१ माणसे गेली. त्यांत पुष्कळ बालके होती. ही आग कोणी लावली नव्हती. परंतु ते चर्च म्हणजे एका अरुंद गल्लीतील राहत्या इमारतीचे केलेले प्रार्थनास्थळ होते. मोकळ्या जागेवर चर्च बांधण्याची मुभा ज्या पिढ्यांस नव्हती, त्यांनी असल्याच चिंचोळ्या जागी देव बसविला होता.

रक्ताची दशवर्षे

मागील दशकातील घटनांचा उच्चार करताना लेखणी जड होते. १ जानेवारी २०११ रोजी अलेक्झांड्रियात नववर्षाच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या दाराशी स्फोट झाला. वीसहून अधिक भाविक गेले. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला, अस्वान प्रांतातील एका चर्चच्या मोडतोडीचा निषेध करण्यास कैरोत निघालेल्या मोर्चावर सैन्याच्या गाड्या घातल्या गेल्या, गोळ्या चालल्या. पंचवीसांवर माणसे मेली आणि ती बहुतेक कॉप्ट होती. ऑगस्ट २०१३ मध्ये सैन्याने कैरोतील निदर्शकांवर कठोर कारवाई करून शेकडो माणसे मारली; त्या संतापाचा आगडोंब कोणताही अपराध नसलेल्या ख्रिस्ती लोकांवर उसळला आणि दोनचार दिवसांत देशभर अनेक चर्च जाळली गेली. त्या वेळी कॉप्टांचे धर्मप्रमुख पोप तवाद्रोस यांनी चर्चविना देश परवडेल, देशाविना चर्च परवडणार नाहीत, अशा आशयाचे उद्गार काढून आपल्या माणसांस शांत ठेवले.

डिसेंबर २०१६ मध्ये कैरोच्या मुख्य चर्चलगतच्या प्रार्थनामंदिरात स्त्रियांच्या बाजूस स्फोट झाला. ९ एप्रिल २०१७ रोजी, झावळ्यांच्या रविवारी, तांता आणि अलेक्झांड्रिया येथे एकाच दिवशी स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे मेली. पुढल्याच महिन्यात मठाच्या यात्रेस निघालेल्या भाविकांची गाडी वाळवंटात अडवून अठ्ठावीसच्या सुमारास माणसे मारण्यात आली. यात्रेस निघालेली गाडी! वाचकहो, आषाढीला जाणाऱ्या आपल्या गाड्या डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्या घरांत काय झाले असेल ते कळेल.

अल-ऊरचे सुपुत्र

मिन्या प्रांतात समालूतजवळ अल-ऊर नावाचे गरीब खेडे आहे. तेथील तरुण पोटासाठी शेजारच्या लिबियात बांधकामावर मजुरीस जात. २०१५ च्या फेब्रुवारीत 'इस्लामिक स्टेट' म्हणविणाऱ्या टोळीने लिबियाच्या समुद्रकिनाऱ्यावर एकवीस जणांचे गळे चिरले आणि त्याची चित्रफीत जगास दाखविली. वीस कॉप्ट होते. त्यांतील तेरा एकट्या अल-ऊरचे. एकविसावा घानाचा होता. अखेरच्या क्षणी त्यांच्या ओठांवर ख्रिस्ताचे नाव होते, ते त्या चित्रफितीत ऐकू येते.

दोन भाऊ गमावलेला एक तरुण नंतर दूरदर्शनवरील एका कार्यक्रमात बोलला. मारणाऱ्यांनी चित्रफितीतून भावांचे अखेरचे शब्द गाळले नाहीत, त्यामुळे आमची श्रद्धा बळकट झाली, याबद्दल त्याने त्यांचे आभार मानले. आईला विचारले तर ती मारेकऱ्यास घरात बोलावील आणि देवाने त्याचे डोळे उघडावेत अशी प्रार्थना करील, असेही तो म्हणाला. कॉप्ट चर्चने त्या एकवीस जणांस हुतात्म्यांच्या मालिकेत घेतले. अमशीरची आठवी तिथी, म्हणजे १५ फेब्रुवारी, ही त्यांची पुण्यतिथी. २०२३ मध्ये रोमच्या पोपनीही त्यांची नावे आपल्या हुतात्म्यांच्या सूचीत घातली.

आता या कथेचे मर्म पाहा. इजिप्तच्या राष्ट्राध्यक्षांनी या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ गावात चर्च बांधण्याचा आदेश दिला. सबंध देश त्यांच्यासाठी शोक करीत होता. तरीही गावातील काही लोकांनी चर्चला विरोध केला, दगडफेक झाली आणि अखेर जागा बदलून चर्च गावाच्या कडेस न्यावे लागले. ते २०१८ मध्ये उघडले आणि त्याच वर्षी पार्थिवे घरी आली. परदेशातील खुन्यांनी प्राण घेतले. पण मृतांस गावाच्या मध्यभागी चार भिंती मिळू नयेत, हे म्हणणारे हात रोजच्या ओळखीचे होते. आमच्या मते त्या बाँबहून हे अधिक विचार करावयास लावणारे आहे. बाँब घेऊन येणारा परका असतो, परवानगी नाकारणारा शेजारी असतो.

शेजारी असाही असतो

पण शेजारी असाही असतो, हे सांगितल्यावाचून कथा पुरी होत नाही. अलेक्झांड्रियाच्या स्फोटानंतर पाचच दिवसांनी, ६ जानेवारी २०११ च्या रात्री कॉप्टांच्या नाताळाची प्रार्थना होती. त्या रात्री अनेक ठिकाणी मुसलमान स्त्रीपुरुष चर्चमध्ये आणि चर्चबाहेर येऊन उभे राहिले. मारावयाचे तर आधी आम्हांस मारा, हा त्याचा अर्थ. काही आठवड्यांनी कैरोच्या तहरीर चौकात मुसलमान नमाज पढत असता ख्रिस्ती तरुणांनी हातात हात गुंफून त्यांच्याभोवती कडे केले. २०१७ च्या झावळ्यांच्या रविवारी अलेक्झांड्रियात बंदोबस्तावर असताना प्राण गमावलेल्यांत एक मुसलमान महिला पोलीसही होती. त्याच वर्षी सिनाईतील रावदा गावच्या मशिदीत तीनशेहून अधिक नमाजी अतिरेक्यांनी मारले. द्वेषास धर्माची ओळख नसते, हे त्या देशाने पुरते पाहिले आहे.

त्या रविवारी चर्चच्या फाटकावर एक रखवालदार होता. संशय येऊन त्याने आत शिरू पाहणाऱ्या माणसास तपासणीच्या कमानीकडे वळविले, तेथेच स्फोट झाला आणि आतील शेकडो जीव वाचले. त्याची विधवा दूरदर्शनवर म्हणाली की तिने मारणाऱ्यास क्षमा केली आहे. देशातील नामांकित निवेदक, स्वतः मुसलमान, ते ऐकून कितीतरी क्षण एक शब्द बोलू शकला नाही.

ही कथा ऐकून ज्याच्या मनात कोण्या एका धर्माच्या माणसांविषयी द्वेष उपजेल, त्याने ती उलटी ऐकली असे आम्ही समजू. ज्यांची ही कथा, त्यांनी द्वेष केला नाही. तो करण्याचा अधिकार आपणास कोठून येणार? आपण करावयाचे ते एवढेच: ज्या गावात आपण पुष्कळ आहोत, तेथे जे थोडे आहेत त्यांना आपल्या देवासाठी छप्पर घालताना आपल्या तोंडाकडे पाहावे लागते काय, हे प्रत्येक घराने सणाच्या दिवशी स्वतःस विचारावे.

तो तरुण यंदाही सणास येईल असे त्याचे वडील सांगत होते. आला म्हणजे त्यास देण्यासाठी आम्ही एक निरोप ठेवला आहे. तुझ्या खोलीतील त्या गवंड्यास सांग, गोदाकाठचे एक म्हातारे कीर्तनकार पंचांग वाचताना आता आपल्या शकाबरोबर तुमचाही शक मनात मोजतात. येत्या नायरूझला लाल खजूर घेऊन त्याच्याबरोबर बस. बी फेकण्यापूर्वी क्षणभर हातात धर.